एब थर्टलची ढाबळ

आमच्या सॉल्टहॅमच्या जुन्या धक्क्यावर गेल्या उन्हाळ्यात एक फलक लावला. पहिल्या युद्धात इथे नौदलाच्या उडत्या होड्यांचा तळ होता, एवढं त्यावर मोठ्या अक्षरांत आहे. खाली बारीक अक्षरांत असं, की नोव्हेंबर १९१७ मध्ये एक होडी चार माणसांसह बुडाली, कारण मदतीचा निरोप आणणारं कबुतर ढाबळीच्या रखवालदाराच्या हलगर्जीमुळे वेळेवर हाती आलं नाही. रखवालदाराचं नाव दिलेलं नाही. द्यायची गरजही नव्हती. गावात माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, एब थर्टल म्हणून सांगेल.

मला लिहायची सवय नाही. घरची पत्रंसुद्धा बायकोच लिहायची. पण एबबद्दल मला जे ठाऊक आहे ते आता दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही, आणि मीही सत्तरी ओलांडली आहे. जमेल तसं लिहितो.

एब धंद्याने पिंपं करणारा. हेरिंग मासळी मीठ घालून भरायची ती लाकडी पिंपं. बुटका, पायांनी जरा फेंगडा, हात मात्र पहिलवानाचे. माणसांशी त्याचं फारसं जमायचं नाही. त्याची सगळी माया घरामागच्या ढाबळीत. शर्यतीची कबुतरं होती त्याच्याकडे, चौतीस. फ्रान्सच्या किनाऱ्यावरून सोडलेलं त्याचं पाखरू एकदा जेवायच्या वेळेला सॉल्टहॅमला परतलं होतं, आणि त्या शर्यतीत मिळालेली ढाल त्याने चुलीच्या वरच्या फळीवर ठेवली होती. लग्न केलं नव्हतं. "बायकोला ढाबळीचा वास आवडला नसता," म्हणायचा.

युद्ध लागलं आणि पोलीस दारात आला. कबुतरं पाळायची तर आता परवाना हवा. गावात कुजबूज सुरू झाली की एब रात्रीतून जर्मनांना निरोप धाडतो. ज्यांच्या मुलांना त्याने पाखरं धरायला शिकवलं तेच लोक हे बोलत होते. सोळा साली किनाऱ्यावर तळ उभा राहिला तेव्हा एब स्वतः होऊन गेला आणि म्हणाला, माझी पाखरं घ्या, मलाही घ्या. नौदलाने दोघांनाही घेतलं. त्याची ढाबळ उचलून धक्क्याच्या टोकाला मांडली, एबला गणवेश दिला, तो इतका मोठा की बाह्या कोपरापर्यंत दुमडाव्या लागायच्या.

मी त्या तळावर पाण्यातल्या टोळीत होतो. आमचं काम सांगितलं तर आजची पोरं हसतात. उडती होडी म्हणजे खाली होडी आणि वर पंख. ती चाकांच्या गाड्यावर ठेवून धक्क्याच्या उतारावरून पाण्यात न्यायची, गाडा काढून घ्यायचा, आणि परत आली की छातीभर पाण्यात उभं राहून पकडायची. अंगात छातीपर्यंत रबराचे बूट. ते दुसऱ्या दिवसापासूनच गळायला लागायचे. शिवाय वैमानिकांचे पाय ओले झाले तर वर थंडीने गोठायचे, म्हणून त्यांना पाठुंगळी घेऊन होडीपर्यंत पोचवायचं. म्हणजे आम्ही घोडे. फेनविक नावाचा एक लेफ्टनंट होता, सहा फूट उंच. त्याला उचलायची वेळ आली की आमच्यातले दोघंतिघं एकदम बूट सारखे करायला खाली वाकायचे.

"नड, आज तुझी पाळी," कुणीतरी मला म्हणायचं.

"काल माझीच होती."

"मग सवय झाली असेल तुला."

पहाटे कोको, पाव, कधी मीठ लावलेला मासा. दुपारी डब्यातलं मांस आणि पिवळ्या वाटाण्याचं सूप, आठवड्यातून पाच दिवस तेच. सगळीकडे पेट्रोलचा आणि पंखांच्या कापडाला लावायच्या रोगणाचा वास. कपडे धुवायचं काम गावातल्या बायकांकडे होतं. त्यांची मुकादम हॅना लार्टर. विधवा बाई, एबच्या समोरच्याच घरात राहायची. तिचा एकुलता मुलगा क्लेम आमच्याच तळावर, फेनविकच्या होडीत बिनतारी यंत्रावर होता. बावीस वर्षांचा. लहानपणी शाळा चुकवून एबच्या ढाबळीत बसायचा. एबला काका म्हणायचा, आणि एबही त्याला स्वतःच्या पोरासारखा धरून होता.

आता कबुतरांचं काय काम, तर असं. बिनतारी यंत्राला वीज मिळायची ती वाऱ्यावर फिरणाऱ्या पंख्यातून. होडी हवेत असेपर्यंत यंत्र बोलायचं. इंजिन बंद पडून होडी पाण्यात बसली की पंखा थांबला, यंत्र मुकं. नेमकी जेव्हा हाक मारायची तेव्हाच वाचा बंद. म्हणून प्रत्येक होडीत टोपलीत दोन कबुतरं. पायाला नळी, नळीत कागदाची सुरळी. पाखरू सोडलं की ते ढाबळीकडे येणार, झडपेच्या तारा ढकलून आत शिरणार, आत घंटा वाजणार, एब नळी काढून घेणार.

यात एकच गोष्ट सांभाळायची असते, आणि ती कबुतरवाल्यांनाच ठाऊक असते. पाखरू उपाशी हवं. उपाशी पाखरू घरी येतं ते थेट झडपेतून दाण्यावर. पोट भरलेलं पाखरूही घरी येतं, पण आत येत नाही. छपरावर बसतं, पंख साफ करतं, ऊन खातं. तुम्ही खाली डबा वाजवून वाजवून मेलात तरी त्याला घाई नसते. शर्यतीत एब यामुळे एकदा हरला होता, आणि तेव्हापासून उड्डाणाच्या सकाळी दाणा नाही, फक्त पाणी, हा त्याचा नियम. तो त्याने ढाबळीच्या दारावर खडूने लिहून ठेवला होता.

पण वैमानिक म्हणजे शकुन-अपशकुन मानणारे. कुणाच्या डोक्यातून निघालं कोण जाणे, पण अशी रीत पडली की निघायच्या आधी होडीतल्या चौघांनी कबुतराला एकेक वाटाणा हातावरून चारायचा. पाखराने तुमच्या हातचा दाणा खाल्ला की तुम्ही परत येणार. एब त्यावर चरफडायचा.

"चार दाण्यांनी काय होतं रे एब?" फेनविक विचारायचा.

"चार दाण्यांनी काही होत नाही, साहेब. पण चाराचे आठ होतात आणि आठाचे मूठभर."

"मूठभर नाही देणार. शपथ."

आणि एब टोपली द्यायचा. चार दाणे तो स्वतः मोजून काढून ठेवायचा. त्याच्याकडचे बारीक तपकिरी वाटाणे.

सतरा सालच्या एप्रिलमध्ये दोन माणसं समुद्रात पडली होती. एबचं एक पाखरू तुटक्या पंखाने आलं, निरोप दिला, आणि दोघंही वाचले. त्या आठवड्यात गावातल्या लोकांनी एबला प्यायला घातलं. जर्मनांना निरोप धाडतो म्हणणारेच पुढे होते. सप्टेंबरात नवे कमांडर आले, रिग साहेब. त्यांना ढाबळ बघवेना. त्यांचा सगळा भरवसा बिनतारी यंत्रावर, नवी बॅटरीची यंत्रं येणार होती, आणि ढाबळीची जागा त्यांना सामानाच्या कोठीसाठी हवी होती.

"थर्टल, हे विसाव्या शतकातलं युद्ध आहे," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "हे काय नोहाचं तारू आहे होय?"

"नोहाची माणसं वाचली होती, साहेब," एब म्हणाला.

आम्ही मान खाली घातली. रिग साहेब हसले नाहीत. म्हणाले, नाताळापर्यंत ठेवतो. त्याआधी एक जरी पाखरू चुकलं तर ढाबळ बंद. एबने सलाम केला आणि ढाबळीत जाऊन बसला. त्या दिवसापासून तो घरी झोपायला गेला नाही. पाखरांमध्येच पथारी टाकायचा. त्याच्यापाशी दुसरं होतं काय. पिंपांचा धंदा युद्धाने बसला होता. पाखरं गेली असती तर माणूस म्हणून गावात त्याची किंमत उरली नसती, हे त्याला ठाऊक होतं.

नोव्हेंबरातली ती सकाळ स्वच्छ होती. थंडी कडक. क्लेमला मी पाठुंगळी घेतलं. एका हाताने त्याने माझी मान धरली होती, दुसऱ्या हातात टोपली. टोपलीत टॅन्सी आणि एक तरुण नर. टॅन्सी ही एबची सगळ्यात भरवशाची मादी, निळसर, ठिपक्यांची, एप्रिलातलं पाखरूही तिचंच पिल्लू. मी पाण्यात पाय टाकला तसं माझ्या कमरेला काहीतरी टोचायला लागलं. क्लेमच्या कोटाचा खिसा. त्यात काहीतरी खुळखुळत होतं.

"काय भरलंयस खिशात?"

"वाटाणे. स्वयंपाकघरातले."

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? यांना. चार-चार तास बिचारी टोपलीत कुडकुडत बसतात, नड. मीही तिथेच बसलेला असतो. मी सँडविच खाणार आणि ती बघत राहणार? जीव आहे ना त्यांना."

"एबला कळलं तर सोलून काढेल तुला."

"म्हणून तर तू सांगू नकोस. आजवर काही झालंय का? घोड्या, नीट चाल, बूट भिजतायत माझे."

मी हसलो आणि नीट चाललो. त्याला होडीत चढवला. परत येताना एब धक्क्यावर उभा होता. होडीकडे बघत होता. मी त्याच्या बाजूने गेलो, काहीतरी हवेबद्दल बोललो आणि कोको प्यायला गेलो. एवढंच. पुढे आयुष्यभर मी त्या दोन-तीन पावलांचा विचार केला आहे, पण त्यात आता अर्थ नाही.

अकरानंतर होडीकडून यंत्रावर काही आलं नाही. कुणी घाबरलं नाही, असं व्हायचं. बाराच्या पुढे एब ढाबळीबाहेर येऊन आकाशाकडे बघत उभा राहिला. एकला दहा कमी असताना तो म्हणाला, "आली."

टॅन्सी समुद्रावरून सरळ आली. धक्क्यावर एक वळसा घेतला. पायाला नळी स्पष्ट दिसत होती. एबने डबा हातात घेतला, दाणे खुळखुळवले, त्याची ती दोन सुरांची शीळ घातली. ती उतरली. ढाबळीच्या छपराच्या कण्यावर.

आणि बसली.

आधी कुणाला काही कळलं नाही. एबला कळलं. त्याचा डबा हातातच थांबला, मग पुन्हा वाजायला लागला, आधीपेक्षा हळू. टॅन्सीने मान वळवून एक पंख पसरला आणि चोचीने एकेक पीस साफ करायला घेतलं. तिच्यात आणि झडपेत हातभर अंतर होतं.

दहा मिनिटांत सगळा तळ तिथे जमला. रिग साहेब आले. कुणी मोठ्याने बोलेना, पाय वाजवेना. एवढ्या माणसांना एका पाखराने गप्प उभं केलं होतं. धुण्याच्या कोठीतून बायका आल्या. हॅना लार्टर हात पुसत पुढे आली.

"कुणाची होडी?" तिने विचारलं.

सगळ्यांनी नजर छपराकडे वळवली. मग तिला सांगायची गरज उरली नाही.

"शिडी लाव," रिग साहेब म्हणाले.

"शिडी बघून उडेल, साहेब."

"मग गोळी घाल. बंदूक आणा."

"साहेब," एब म्हणाला, "चुकली तर ती उद्यापर्यंत छपराला शिवणार नाही. मला पाव तास द्या. येईल ती आत. नेहमी येते."

रिग साहेबांनी घड्याळ काढलं. पाव तास दिला. एबने झडपेमागे तिचा जोडीदार नर आणून ठेवला, त्याला बोलायला लावलं. पाण्याची थाळी ठेवली. सगळ्यांना मागे हटवलं आणि एकटा खाली गुडघ्यावर बसून शीळ घालत राहिला. टॅन्सी डोळे मिटून बसली. पाव तास गेला. एबने अजून पाव तास मागितला. साहेबांनी दिला. मग अजून एक, असं करत करत. आता वाटतं, त्यांनी तो का दिला? पण एबच्या आवाजात तेव्हा काही असं होतं की नाही म्हणणं अवघड होतं. त्याला ती चार माणसं हवी होती, ढाबळ हवी होती, आणि टॅन्सीही हवी होती. तिन्ही हाती येतील असं त्याला शेवटपर्यंत वाटत होतं.

हिशोब सगळ्यांना ठाऊक होता. धक्क्याला मोटारबोटी इंजिन सुरू करून उभ्या होत्या. पण जायचं कुठे, ते त्या नळीत होतं. समुद्र केवढा आणि होडी केवढी. चारनंतर अंधार पडणार होता, आणि पूर्वेकडून वारा उठायला लागला होता.

अडीच वाजून गेले तेव्हा हॅना पुढे आली. ती एबशी बोलली ते अगदी साध्या आवाजात, दूध आणायला सांगावं तसं.

"एब, पाड ते पाखरू."

एबने तिच्याकडे पाहिलं. मग उठला, शिपायाच्या हातातली बंदूक घेतली. तो चांगला नेमबाज होता, थंडीत खाडीवर बदकं मारायचा. एक बार. टॅन्सी छपरावरून घरंगळत खाली आली. एबने तिला उचललं, नळी काढून साहेबांना दिली. कागदाला एक छर्राही लागला नव्हता.

"इंजिन बंद. दीपनौकेच्या पूर्वेला बारा मैल. तळाला गळती. समुद्र वाढतोय. लवकर या." खाली वेळ, अकरा वाजून वीस मिनिटं.

बोटी तीनला सुटल्या. पोचायला दोन तास. एकला सुटल्या असत्या तर उजेडात पोचल्या असत्या. त्या पोचल्या तेव्हा अंधार होता आणि लाटा बोटींच्या वरून जात होत्या. दुसऱ्या दिवशीही काही मिळालं नाही. तिसऱ्या दिवशी एका पंखाचा तुकडा मिळाला. टोपलीतला तो तरुण नर परत आलाच नाही.

गोळी घातली त्या दुपारी मी एबच्या मागे ढाबळीत गेलो होतो. त्याने टॅन्सीला मांडीवर घेतलं होतं आणि अंगठ्याने तिच्या गळ्याखालची पिशवी चाचपत होता. ती टच्च भरलेली. खिशातला चाकू काढून त्याने ती चिरली. आतून वाटाणे निघाले. ते तपकिरी नव्हते. सोललेले, पिवळे, आमच्या सुपातले.

त्याने चाकू पुसून मिटला.

मी म्हणालो, "एब, सकाळी क्लेमच्या खिशात..."

"तू काही पाहिलं नाहीस."

"अरे पण उद्या चौकशी होईल. तुझ्या गळ्यात येईल हे."

"येऊ दे."

"ढाबळ जाईल तुझी."

"ढाबळ गेलीच, नड." त्याने ते वाटाणे एकेक करून वेचले आणि स्वतःच्या खिशात घातले. "समोरच्या घरात ती आता एकटीच राहणार. पोराच्या हातच्या दाण्यांनी हे झालं, हे तिला सोसायचं नाही जन्मभर. कळलं? तू काही पाहिलं नाहीस."

मी कळलं म्हणालो.

चौकशी दुसऱ्या दिवशी झाली, साहेबांच्या खोलीत. दाराशी आम्ही चार-पाच जण उभे होतो. विचारलं गेलं, पाखराला निघण्याआधी दाणा दिला होता का.

"हो साहेब," एब म्हणाला.

"कुणी?"

"मी."

"तुझाच नियम आहे ना? दारावर लिहिलेला?"

"हो साहेब. थंडी होती. कीव आली."

रिग साहेबांनी ते लिहून घेतलं. आमच्यातला एक जण बाहेर येताना म्हणाला, "कीव आली म्हणे. चार माणसं मारली कीव येऊन." आणि थुंकला. मी त्याच्या शेजारीच उभा होतो.

ढाबळ त्याच आठवड्यात बंद झाली. पाखरं दुसरीकडे पाठवायला कागदपत्रं लागली असती. साहेब म्हणाले, अधिकाऱ्यांच्या स्वयंपाकघरात द्या. एबला हुकूम झाला की मारून साफ करून आणायची. त्याने एकतीस पाखरांच्या माना स्वतः मुरगळल्या. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. रविवारी अधिकाऱ्यांच्या जेवणात कबुतरांची पाई झाली, कणकेच्या पारीत भाजलेली. म्हणतात, जरा निबर होती.

मग त्याला आमच्या टोळीत टाकला. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, छातीभर पाण्यात. बुटका असल्यामुळे आम्हाला छातीपर्यंत येणारं पाणी त्याच्या गळ्याशी यायचं. कुणी त्याच्याशी बोलायचं नाही. अधिकाऱ्याला उचलायची पाळी त्याच्यावर आली की अधिकारी दुसरा माणूस मागायचे. अपशकुन नको म्हणून. आम्ही हसायचो. मीही हसायचो. न हसलो असतो तर कुणी विचारलं असतं की तुला काय झालं.

युद्ध संपलं, तळ उठला, एब पिंपांकडे परत गेला. त्या दोन हिवाळ्यांनी त्याचे गुडघे गेले होते. पिंपं आता फारशी लागतही नव्हती. पुन्हा पाखरू पाळलं नाही. समोर हॅना. रविवारी देवळात जाताना ती रस्ता ओलांडून पलीकडून चालायची, एबच्या दारावरून जायला नको म्हणून. दुकानात तो दिसला की तिथल्या बाईला मोठ्याने म्हणायची, "आधी यांना द्या. थांबायची सवय यांनीच लावली आहे आम्हाला."

एब टोपी काढायचा. "आधी तुम्ही घ्या, लार्टरबाई."

"मी घेतलं आहे जे घ्यायचं ते."

हंगामात तो तिच्या पायरीवर हेरिंग ठेवून यायचा, कागदात गुंडाळून. ती ते त्याच्या डोळ्यांसमोर मांजराला घालायची. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवायचा. गावातली माणसं म्हणायची, मन खातंय त्याला. सतरा वर्षं हे चाललं. मी मध्ये दोनदा त्याला म्हणालो, आता सांग तिला. एकदा मी म्हणालो, मी सांगतो.

"आणि मिळेल काय तिला?" तो म्हणाला. "आता तिला राग धरायला मी तरी आहे. मग कोण राहील?"

चौतीसच्या फेब्रुवारीत तो न्यूमोनियाने गेला. पुरायला आम्ही पाच जण होतो, त्यातला एक पाद्री आणि दोघं खड्डा खणणारे. हॅनाच्या खिडकीचा पडदा ओढलेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्याकडे गेलो. एबला दिलेला शब्द मोडायचं ठरवून. ती तेव्हा सत्तरीला आली असेल. तिने दार उघडलं, आत बस म्हणाली. मी टोपी हातात घेऊन सगळं सांगितलं. पाठीवर क्लेम, खिशातले वाटाणे, टॅन्सीची पिशवी, चौकशी. मध्ये एकदाही तिने थांबवलं नाही. मला वाटलं तिला धक्का बसेल, म्हणून मी हळूहळू बोलत होतो.

माझं संपल्यावर ती उठली. कपाटातून एक पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं. क्लेमचं अक्षर. तळावरून धुण्याच्या गाठोड्यात घालून तो आईला असं लिहून धाडायचा. त्याच महिन्यातलं, तो गेला त्याच्या आदल्या आठवड्यातलं. थंडीबद्दल होतं, पायमोजे पाठव असं होतं, आणि मग असं: वर फार एकटं वाटतं, पाखरांची सोबत आहे, मी त्यांना खिशातले वाटाणे चारतो, एबकाकाला सांगू नको, तो ओरडेल.

मी ते दोनदा वाचलं.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"पाखरू छपरावर बसलं तेव्हाच ठाऊक होतं."

"मग सतरा वर्षं... त्याला..."

"मग काय करायला हवं होतं मी?" ती म्हणाली. "पोराला शिव्या घालू? एकुलता होता. त्याने स्वतःच्या हाताने... असं घेऊन बसू रोज रात्री? एबने कबूल केलं. मी नव्हतं सांगितलं त्याला. त्याने कबूल केलं, मी घेतलं."

"तुमच्यासाठी केलं त्याने ते."

"ते कळत नव्हतं असं वाटतं तुला?" तिने पत्राची घडी घातली. "मासे ठेवायचा पायरीवर. रोज वाटायचं, आज दार उघडावं. मग वाटायचं, उघडलं की बोलावं लागेल. तो कधी बोलला नाही, मीही नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तू? तू तर सगळं पाहिलं होतंस. त्या दुकानात तू कितीदा माझ्या मागे उभा असायचास, नड. एकदा तरी बोललास?"

मी टोपी फिरवत बसलो.

ती पत्र कपाटात ठेवून आली आणि किटली चुलीवर चढवली.

"चहा घेशील?"

घेतो म्हणालो. तिने दोन कप काढले. कोळसा किती महाग झालाय, त्यावर आम्ही बोललो, मग तिच्या सुजलेल्या पायांवर. एबचं नाव दोघांनीही पुन्हा काढलं नाही. कप विसळून ठेवून मी घरी आलो.